वन्सं, तुमची रेघ हिरवी होती

माणसाच्या मनाचा थांग आजवर कुणाला लागलेला नाही. तुमच्या मनाचा मात्र लागला होता, वन्सं. तो दर सोमवारी सकाळी तुमच्या अभयच्या फोनवर यायचा. एक रेघ, कधी हिरवी, कधी पिवळी, कधी लाल. खाली कंपनीचं चिन्ह आणि त्याखाली ‘आपल्या माणसांना जपा’ असा उपदेश.

तुमचं तेरावं परवा झालं. काल मी काहीच केलं नाही. आज लिहायला बसले, तर पहिल्याच ओळीला तुमचा आवाज ऐकू आला: ‘मेल्यावर पत्रं कसली लिहितेस? जिवंत होते तेव्हा यायला काय धाड भरली होती?’

तेच सांगायचं आहे.

हल्लीच्या मुली नणंदेला ताई म्हणतात. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मीही तसं म्हणून पाहिलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘ताई म्हणणारी घरात चार आहेत. वन्सं म्हणणारी तू एकटीच येणार. म्हण.’ म्हणाले. मैत्रिणी हसायच्या, नाटकातला शब्द वाटतो म्हणायच्या. असेल. आपलं बरंचसं नाटकासारखंच चालायचं; फक्त आपल्याला प्रेक्षक लागत नसत.

यांची कलकत्त्याला बदली झाली आणि आम्ही हावड्याला उतरलो, तेव्हा तुम्ही फलाटावर उभ्या होतात. मी नमस्काराला वाकले. ‘इथे वाकू नकोस, पर्स जाईल,’ हे तुमचं स्वागत. मग आमच्या वळकट्यांकडे बघून, ‘सोलापुरात काही शिल्लक ठेवलंय की नाही?’ असं म्हणत त्यातली सगळ्यांत जड वळकटी तुम्ही स्वतःच काखेत मारलीत आणि चालू लागलात. तुमच्या मागे हमाल, हमालामागे तुमचा भाऊ, शेवटी मी. पुढची सगळी वर्षं साधारण याच क्रमाने गेली.

तुमचा भाऊ गेला तेव्हा बालीगंजच्या आमच्या घरात माणसं हळू आवाजात बोलत येत होती आणि हळू आवाजात बोलत जात होती. मला त्यांतलं एकही वाक्य आठवत नाही. तुम्ही आलात, माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, ‘ऊठ. कुकर लाव. माझ्या भावाला उपाशी बायको कधी आवडली नाही.’ लोकांना धक्का बसला. मी उठले आणि कुकर लावला. शिट्ट्या होईपर्यंत तुम्ही न्हाणीघरात नळ सोडून रडत होतात. नळाचा आवाज तुम्हाला वाटत होता तेवढा मोठा नव्हता. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, ‘मग नळ दुरुस्त करून घे.’

आपण भांडायचो, हे खरं आहे. आमटीत गूळ किती, कुणाच्या लग्नात कुणी कुणाला पान दिलं नाही, मोहरीच्या तेलात थालीपीठ लावणं हा गुन्हा आहे की नुसती चूक. न्यू टाउनला तुमच्या शेजारच्या बंगाली बाई एकदा घाबरून दार वाजवायला आल्या होत्या. तुम्ही दार उघडून सांगितलंत, ‘कुछ नहीं, भाभी आयी है.’ त्या बाईंना वाटलं, मी काहीतरी हिस्सा मागायला आले आहे. पुढे कितीतरी महिने लिफ्टमध्ये त्या माझ्याकडे पाठ करून उभ्या राहत. त्यांचाही दोष नाही. आपल्याकडे मंगळागौरीला नणंद-भावजया एकमेकींची उणीदुणी चालीवर म्हणत घुमतात आणि मग एकाच ताटलीतला फराळ खातात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. ते यंत्रालाही कुणी सांगितलं नव्हतं.

यंत्र आलं तुमच्या हृदयाच्या दुखण्यानंतर. अभय आणि सूनबाई पारमिता दोघंही दिवसभर ऑफिसात, तुम्ही घरी एकट्या. अभयच्या कंपनीनेच ते बनवलेलं. पांढरी, गोल, बशीएवढी वस्तू, मधोमध दिवा. तुमच्या देव्हाऱ्याच्या शेजारी, गोळ्यांच्या डब्यालगत त्याने ती ठेवली.

‘मामी, हा शब्द ऐकत नाही,’ तो मला समजावत होता. अभयची मराठी इथे वाढलेली; लिंग-वचनाचा आग्रह तिने कधीच सोडला आहे. ‘आवाज किती चढला, किती भरभर बोलली, कुठे थांबली, एवढाच बघतो. त्यावरून मूड कळते.’

‘शब्द न ऐकता मन ओळखतं? म्हणजे तुझ्या मामांच्या अगदी उलट. ते शब्द सगळे ऐकायचे.’

तुम्ही खो खो हसलात. यंत्राने पिवळं दाखवलं.

चार दिवसांत तुम्ही त्याला पुरतं ओळखलंत. मी आले त्या रविवारी तुम्ही मला त्याच्यासमोर बसवलंत आणि दूरदर्शनवरच्या निवेदिकेच्या थाटात, मधात बुडवलेल्या आवाजात सांगू लागलात, ‘सुलभे, तुझ्या आमटीसारखी बेचव आमटी मी उभ्या जन्मात खाल्ली नाही गं. माझा भाऊ बिचारा, काय काय गिळून गेला.’ दिवा हिरवागार. मग त्याच यंत्राकडे बोट करून ओरडलात, ‘थांब, जाऊ नकोस, पावसात भिजशील, छत्री घेऊन जा!’ लाल. पारमिता हसून हसून खाली बसली. ‘ओ मा, मामीमा, आईला अवॉर्ड द्या!’

अवॉर्ड खरंच मिळालं. कंपनीने मोठ्या हॉटेलात समारंभ केला. पहिल्या वापरकर्त्या म्हणून तुम्हाला पहिल्या रांगेत बसवलं, शाल दिली, कुंडीतलं रोप दिलं. दीपप्रज्वलनाला मेणबत्ती विझली तेव्हा सूत्रसंचालिकेने तो क्षणही भावपूर्ण असल्याचं जाहीर केलं. कोट घातलेले एक गृहस्थ म्हणाले की आजवर करुणा घरगुती प्रमाणावर होत होती, आता ती मोठ्या प्रमाणावर करता येईल. तुम्ही मला ऐकू जाईल अशा, म्हणजे चौथ्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात विचारलंत, ‘चहा या करुणेच्या आधी आहे की नंतर?’ दाराशी एक कॅमेरा होता. तो येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा वाचून भाव सांगायचा. माझ्या चेहऱ्याखाली त्याने ‘संताप’ लिहिलं. मी तेव्हा फक्त प्रसाधनगृह कुठे आहे ते शोधत होते.

हे सगळं मी पाहिलं होतं, वन्सं. यंत्राला काही कळत नाही हे तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत सिद्ध करून दाखवलं होतंत. म्हणून पुढचं सांगताना मान वर होत नाही.

वैशाखात अभय बालीगंजला आला. संदेशचा डबा घेऊन आला, तेव्हाच मला कळायला हवं होतं; हा मुलगा कारणाशिवाय मिठाई आणत नाही. पंख्याखाली बसला, पाणी प्याला, फोन काढला.

‘मामी, रागावू नका हां. मी नाही बोलत, डेटा बोलतो.’

त्याने रेघ दाखवली. आठवडाभर हिरवी, कुठे कुठे पिवळी. रविवारी दुपारी मात्र लाल सुळका. त्याच्या मागच्या रविवारीही. त्याच्याही मागच्या. गिर्यारोहणाला जावं असे सुळके.

‘हे मी आहे?’

‘तुम्ही येता तेव्हाचा आहे.’ त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ‘डॉक्टर बोलले, टेन्शन नको. मला पण माहीत आहे, तुम्ही दोघी मजा करता. पण मामी, हार्टला काय माहीत मजा आहे की भांडण?’

तो वाईट मुलगा नाही. आईसाठी घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस हातात जे असेल ते धरतो. त्याच्या हातात फोन होता. मी मात्र त्याला त्याच्याच आईने केलेल्या त्या मधाळ आवाजाच्या खेळाची आठवण करून द्यायला हवी होती. हसायला हवं होतं. मी म्हणाले, ‘बरं. मी येणं कमी करते.’

का म्हणाले, ते पंधरा दिवस शोधते आहे. मानभंग झाला होता, हे एक. बालीगंजहून न्यू टाउन लांब पडतं आणि माझे गुडघे दुखतात, हेही खोटं नाही. पण खरं कारण याहून ओशाळवाणं आहे. माझी कुणी स्तुती केली तर मी पुरावा मागते; आरोप केला तर लगेच पटतो. आणि तो आलेख आरोप करत होता. मला वाटलं, खरंच असेल. इतकी वर्षं मी ज्याला गंमत समजत आले, तो या बाईला त्रास होत असेल आणि भावाखातर तिने तो सोसला असेल. समारंभात मेणबत्तीला हसणारी मी, एका बशीपुढे हात जोडून उभी राहिले.

आणि तुम्हाला विचारलं नाही. एका शब्दाने नाही. विचारलं असतं तर तुम्ही ती बशी उचलून खालच्या तळ्यात फेकली असतीत, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नाही. तुमच्या वतीने मी आणि अभयने परस्पर ठरवून टाकलं की तुम्हाला मी सोसत नाही.

तुमचे फोन येत राहिले.

‘काय गं, पाय मोडला की काय?’

‘नाही हो, गुडघा धरलाय.’

‘गुडघे दोन असतात. दुसऱ्यावर ये.’

मी आले नाही. मग उन्हाळा झाला, मग पाऊस, मग पूजेची गर्दी. कलकत्त्यात न येण्याला कारण शोधावं लागत नाही, ते ऋतूप्रमाणे बाजारात येतं. फोनवरसुद्धा मी सांभाळून बोलू लागले. आवाज चढू द्यायचा नाही, प्रतिवाद करायचा नाही. ‘हो वन्सं.’ ‘बरं वन्सं.’ ‘तुमचंच बरोबर आहे, वन्सं.’ एकदा तुम्ही मध्येच थांबलात आणि म्हणालात, ‘तू अशी काय बोलतेस? बँकेतून कर्ज विकायला फोन करतात त्या बाईसारखी?’ मी हसले. तेही हळूच.

तुमच्या रेघा हिरव्या होत गेल्या. अभय मला त्या पाठवायचा, खाली हात जोडल्याचं चिन्ह. ‘थँक यू मामी.’

मग संक्रांत आली.

आपल्या सगळ्या भांडणांत थोर भांडण गुळपोळीचं. इथल्या हिवाळ्यात मिळणारा तो खजुरी गूळ, नोलेन गूळ, तुम्ही पोळीत घालायचात. माझं म्हणणं, हे झाड म्हणजे आपली शिंदी. आपल्याकडे लोक तिच्याखाली पिऊन पडतात, आणि तुम्ही तिचा गूळ देवापुढे ठेवता? तुमचं म्हणणं, ‘झाडाला काय ठाऊक आपण कुठल्या राज्यात उभे आहोत?’ माझी दुसरी हरकत तांत्रिक होती. हा गूळ मऊ असतो, तव्यावर पोळी फोडून बाहेर येतो आणि करपतो. दर वर्षी तो यायचा. दर वर्षी तुम्ही दोष तव्याचा असल्याचं सांगायचात. आणि तिळगूळ हातावर ठेवताना म्हणायचात, ‘गोड बोलणं तुला जमायचं नाही. खरं बोल, तेवढं पुरे.’

या वर्षी मी आले नाही, तर तुम्ही पारमिताबरोबर डबा पाठवलात. पोळ्यांतल्या निम्म्या फुटलेल्या होत्या. कडांना गूळ काळा होऊन चिकटला होता. मी स्वयंपाकघरात उभ्यानेच एक खाल्ली. मग दुसरी. त्या करपलेल्या कडेला धुराचा आणि थंडीचा असा काही वास होता की मला खुर्ची ओढून बसावं लागलं. इतक्या वर्षांनी मला पहिल्यांदाच वाटलं की या गुळाबद्दल तुमचं बरोबर असावं. फोन केला.

‘पोळ्या छान झाल्या होत्या, वन्सं.’

मग विचारलंत, ‘एकही फुटली नव्हती?’

‘नाही हो.’

‘गूळ करपला नव्हता?’

‘नाही. छान होत्या अगदी.’

मला वाटलं, फोन कटला. मग तुमचा आवाज आला, मी कधी न ऐकलेला, लहान.

‘सुलभे, डॉक्टर अभयला माझ्याबद्दल काही म्हणाले का?’

‘नाही! असं काय विचारता?’

‘मग तू माझ्याशी इतकी चांगली का वागतेस?’

वन्सं, माझ्या तोंडाशी आलं होतं. निम्म्या फुटल्या होत्या, करपल्या होत्या, तुम्हाला साध्या पोळ्या येत नाहीत आणि वर शिंदीचा गूळ घालता, आणि मला तो डबा पुन्हा भरून हवा आहे. एवढं ओरडले असते तर तुम्हाला कळलं असतं की तुम्ही मरणार नाही आहात. निदान इतक्यात नाही, निदान मला तसं वाटत नाही. पण मी म्हणाले, ‘काहीतरीच काय, वन्सं. आराम करा.’ आराम करा! आयसीयूच्या दारावर लिहितात ती भाषा.

तुम्ही ‘बरं’ म्हणालात. तुम्ही मला ‘बरं’ म्हणालात, माझ्याशी वाद न घालता. तेव्हा तरी मी चपला घालून निघायला हवं होतं.

माघात एका दुपारी तुम्ही जेवून आडव्या झालात आणि उठला नाहीत. अभयला आधी शेजारच्या बाईंनी कळवलं; चहाला हाक मारायला त्या आल्या होत्या. यंत्राने त्या दुपारची नोंद ‘विश्रांती’ अशी केली होती. त्याला दोष देत नाही. लांबून मलाही तसंच वाटलं असतं.

तेराव्याला मराठी मंडळाचे अध्यक्ष आले होते. जेवणाआधी दोन शब्द बोलतो म्हणाले आणि पाव तास बोलले. तुम्ही मृदुभाषी होतात, असं त्यांनी सांगितलं. मी वर भिंतीकडे पाहिलं, फोटो तुमचाच होता. पारमिताने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन पदर तोंडाला लावला; लोकांना वाटलं रडते आहे, आणि पुढच्या क्षणी ती खरंच रडू लागली. मग मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. माझ्याजवळ खरे दोन शब्द होते, ‘मला लाज वाटते.’ बरोबर मोजलं तर तीन होतात. मी त्याऐवजी तुमच्या आतिथ्यशीलतेबद्दल बोलले. सगळ्यांना ते संयत वाटलं.

पानं उठल्यावर अभय मला तुमच्या खोलीत घेऊन गेला. देव्हाऱ्याशेजारची जागा रिकामी होती. यंत्र त्याने काढून ठेवलं होतं. खाटेच्या कडेला बसून त्याने फोन काढला आणि मला संक्रांतीचा आठवडा दाखवला. एकही सुळका नाही. डावीकडून उजवीकडे हिरवी, सपाट रेघ. खाली लिहिलं होतं, वर्षातला सर्वांत शांत आठवडा.

मी ती रेघ पाहत राहिले. कुठल्या दिवशी तुम्ही मला तो प्रश्न विचारलात, ते मला ठाऊक होतं. त्या जागेवर बोट ठेवलं. तिथेही हिरवंच होतं. घाबरलेलं माणूस हळू बोलतं, वन्सं. एवढी साधी गोष्ट.

‘मामी,’ अभय म्हणाला, ‘आई शेवटी सुखी होती ना? मी बरोबर केला ना?’

त्याचा चेहरा तुमच्यावर गेला आहे, विशेषतः काही विचारताना. खरं सांगितलं असतं तर त्याने ते जन्मभर वाहिलं असतं, आणि माझ्या वाट्याचं ओझंही त्याच्यावर गेलं असतं. नाही सांगितलं तर तुमची शेवटची भीती या जगात माझ्याशिवाय कुणालाच माहीत राहणार नाही. दोन्हीपैकी काय योग्य ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तेव्हाही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

‘हो रे. अगदी शांत होत्या.’

आवाज स्थिर होता. इतक्या महिन्यांत तो मला चांगला साधला आहे. अभयने माझे हात धरले आणि तो रडला, सुटल्यासारखा रडला. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिले. तुम्ही त्या खोलीत असतात तर एका शब्दात मला पकडलं असतंत. अभय मात्र विश्वास ठेवून मोकळा झाला.

पारमिताने फोनवरून टॅक्सी बोलावून दिली, ती माझ्याच फोनवरून. बालीगंजला उतरून जिना चढते आहे तोच फोन वाजला: ‘तुमचा प्रवास कसा झाला?’ खाली पाच चेहरे होते, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. मी मधला दाबला. तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. नाराजीचं कारण निवडा म्हणाले: चालक, गाडी की रस्ता. मी रस्ता निवडला. चिंगडीघाट्यापाशी सध्या खणून ठेवलं आहे.